मिनिटाला ३१.६८ उंदीर

यातल्या एकतीस उंदरांचं नंतर बघू. आधी तो ०.६८ उंदीर पाहा. पाऊण उंदराहून किंचित कमी भरणारा हा जीव २२ मार्च २०१८ रोजी मुंबईत, विधानसभेच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात, भर सभागृहात अवतरला. त्याला जन्म देणारे आमदार मुक्ताईनगरचे. नाव एकनाथ खडसे. जळगाव जिल्ह्यात नाथाभाऊ. आणि ज्या सरकारवर त्यांनी तो सोडला, ते सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं.

गोष्ट अशी. मंत्रालयात उंदीर फार झाले म्हणून ते मारायचं कंत्राट निघालं. मुदत सहा महिन्यांची. खडसे कागद हातात घेऊन म्हणाले की मंत्रालयात ३,१९,४०० उंदीर आढळले आणि कंत्राटदाराने मे २०१६ मध्ये ते अवघ्या सात दिवसांत मारले. एवढं सांगून त्यांना आरोप करता आला असता. पण त्यांनी आरोपाआधी भागाकार केला. दिवसाला ४५,६२८.५७ उंदीर. तासाला १,९०१. मिनिटाला ३१.६८. मेलेल्या उंदरांचं वजन दिवसाला ९,१२५.७१ किलो, म्हणजे रोज एक ट्रक भरेल एवढं. मग हे ट्रक गेले कुठे? मुंबई महापालिकेला सहा लाख उंदीर मारायला दोन वर्षं लागतात, याची आठवणही त्यांनी करून दिली. त्यापेक्षा दहा मांजरी सोडल्या असत्या तर काम झालं असतं, असंही सुचवलं.

आमच्या खान्देशात टोमणा मारताना आवाज चढवत नाहीत. समोरच्याचं म्हणणं आधी पूर्ण मान्य करायचं. ‘हो का? बरं झालं भो.’ मग अगदी साध्या चेहऱ्याने पुढचा प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट बघत थांबायचं. नाथाभाऊंनी केलं ते हेच. मारले ना तीन लाख? छान. मग ट्रक दाखवा. दोन दशांश स्थळांपर्यंत नेलेला हिशोब हा या प्रकाराचा कळस. ‘सुमारे तीस’ म्हटलं असतं तर ती टीका झाली असती. ३१.६८ म्हटल्यावर कुणाला काही म्हणायची गरजच उरली नाही.

त्या दिवसापासून हे प्रकरण ‘उंदीर घोटाळा’ या नावाने ओळखलं गेलं. मला मात्र घोटाळ्यापेक्षा त्या आकड्याचंच नवल जास्त वाटतं. सहा आकडी संख्या जवळजवळ दोन वर्षं सरकारी कागदावर निवांत बसून होती. भागायला कुणी बसेपर्यंत ती कुणालाच मोठी वाटली नाही. एवढे उंदीर म्हणजे नेमके किती, हे आपण आता मोजू. सभागृहात त्याला वेळ मिळाला नव्हता.

खडसेंनी एका उंदराचं वजन २०० ग्रॅम धरलं होतं. हे रास्त आहे. घरात दिसणारा काळपट उंदीर साधारण तेवढाच भरतो. गटारातला तपकिरी उंदीर त्याहून जड, आणि घूस धरली तर हिशोब फारच वर जाईल. २०० ग्रॅमचा उंदीर नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अंदाजे ३५ सेंटिमीटर धरा. आता ३,१९,४०० उंदीर एकामागे एक, नाकाला शेपूट लावून उभे करा. रांग जळगावच्या अजिंठा चौफुलीवर सुरू झाली तर पाळधी, एरंडोल, पारोळा मागे टाकत धुळ्यात शिरेल, धुळं ओलांडेल आणि साक्रीच्या रस्त्याला लागून आणखी पंधरा-वीस किलोमीटर जाईल. एकूण १११ किलोमीटरच्या वर. हे सगळे प्राणी एका इमारतीत राहत होते, असं मानायचं आहे.

राहू द्या. जागेचं एक वेळ जमेल, उंदीर अंग चोरून राहतो. खरी अडचण जेवणाची. उंदीर रोज आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं खातो, म्हणजे २० ग्रॅम धरा. तीन लाख उंदरांना रोज ६४ क्विंटल धान्य लागेल. बाजार समितीत ज्वारी घेऊन गेलेल्या माणसाला ६४ क्विंटल म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. पाणी प्रत्येकी २५ मिलिलिटर धरलं तरी रोज आठ हजार लिटर, म्हणजे जवळजवळ एक टँकर. ज्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तो हाच २०१६ चा उन्हाळा. अशा दिवसांत मंत्रालयातल्या उंदरांना बिनबोभाट रोजचा टँकर मिळत असेल, तर चौकशी उंदीरमारीची नव्हे, पाणीपुरवठ्याची व्हायला हवी होती; आणि ज्या अधिकाऱ्याने तो चालवला त्याला आमच्या अमळनेर-पारोळ्याकडे बदलून आणायला हवं होतं.

‘पण उंदीर फायली खातात ना!’ खात नाहीत. कुरतडतात. या दोहोंत मोठा फरक आहे, आणि त्याचं कारण फार सुंदर आहे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, वर्षाला दहा सेंटिमीटरच्याही वर. दातांच्या पुढच्या बाजूला कठीण एनॅमल आणि मागच्या बाजूला मऊ दंतद्रव्य असल्याने घासताना मागची बाजू लवकर झिजते आणि दाताला पटाशीसारखी धार आपोआप येत राहते. न घासता ठेवले तर तेच दात वाढून तोंड मिटू देणार नाहीत आणि उंदीर उपाशी मरेल. म्हणून तो वायर, लाकूड, शिसं, साबण, जे मिळेल ते कुरतडतो. कागदाचा तर त्याला आणखी एक उपयोग: बारीक चिंध्या करून बिळात मऊ गादी होते. थोडक्यात, तुमच्या भूसंपादनाच्या फायलीवर उंदराचं पोट भरत नाही, त्यावर तो झोपतो. मंत्रालयात फायलींवर झोपणारा तो पहिलाच प्राणी नसावा.

अन्नाचा हा हिशोब इतका सरळ आहे की उंदरांची खरी गणती करणारे शास्त्रज्ञही तिथूनच सुरुवात करतात. किती बिळं आहेत यापेक्षा किती कचरा आहे ते बघा. संख्या तेवढीच असणार. तरीही उंदरांच्या संख्येबद्दल जगभर जेवढ्या थापा चालल्या तेवढ्या दुसऱ्या कुठल्या प्राण्याबद्दल चालल्या नसतील. ‘शहरात माणशी एक उंदीर असतो’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्याचं मूळ इंग्लंडात १९०९ साली सापडतं. डब्ल्यू. आर. बोल्टर नावाच्या गृहस्थांनी उंदरांवर पुस्तक लिहिताना खेड्यातल्या लोकांना विचारलं की एकरी एक उंदीर म्हणायला हरकत नाही ना? लोक म्हणाले, नाही. लागवडीची जमीन चार कोटी एकर, म्हणून उंदीर चार कोटी. योगायोगाने तेव्हा देशाची लोकसंख्याही तेवढीच होती. झालं. एकराचा उंदीर माणसाचा झाला आणि पुढची शंभर वर्षं न्यूयॉर्कपासून मुंबईपर्यंत फिरत राहिला.

न्यूयॉर्कने तो बरीच वर्षं अंगावर मिरवला. मग १९४० च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड डेव्हिस नावाच्या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने प्रत्यक्ष पाहणी केली. त्याचं उत्तर आलं अडीच लाख. छत्तीस माणसांमागे एक उंदीर. पुन्हा वाचा. अख्ख्या न्यूयॉर्क शहरात अडीच लाख. आपल्याकडे एका इमारतीत तीन लाख एकोणीस हजार चारशे.

२०१४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या जोनाथन आउअरबाख या संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने न्यूयॉर्कची गणती पुन्हा करून पाहिली. त्याला खरं तर ‘पकडा, खूण करा, सोडा, पुन्हा पकडा’ ही जुनी पद्धत वापरायची होती. ही पद्धत ऐकायला पोरखेळ वाटते, पण तिच्या साधेपणाने मी अजूनही चकित होतो. समजा, पन्नास उंदीर पकडले, शेपटीला रंग लावला आणि सोडून दिले. ते बाकीच्यांत मिसळले. काही दिवसांनी पुन्हा पन्नास पकडले. त्यांत रंगाचे पाच निघाले, म्हणजे दहात एक. मग आपण रंगवलेले पन्नास हेही एकूण संख्येच्या दहात एक असणार. म्हणून एकूण उंदीर पाचशे. एकही बीळ न उकरता! तळ्यातले मासे, जंगलातले वाघसुद्धा याच तत्त्वाने मोजले जातात. वाघाला रंग लावावा लागत नाही, त्याचे पट्टे आयतेच असतात. पण न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने, पकडलेले उंदीर शहरात परत सोडायच्या कल्पनेला नकार दिला. मग त्याने नागरिकांच्या तक्रारींवरून गणित मांडलं आणि उत्तर आलं सुमारे वीस लाख. माणशी एक तर नाहीच, पाव उंदीरही येत नाही.

आपल्याकडे मंत्रालयात असं काही करायचं म्हटलं तर शेपटीच्या रंगाचा शासन निर्णय निघायलाच दोन अधिवेशनं जातील, हे खरं. शिवाय रंग कोणता, यावर मंत्रिमंडळ फुटायचं.

मारलेल्या उंदरांची गणती हा आणखी एक स्वतंत्र विनोद आहे. फ्रेंचांनी हनोईत नवी कोरी गटारं बांधली, त्यांत उंदरांनी संसार थाटले, आणि १९०२ साली प्लेगच्या भीतीने सरकारने मारेकरी नेमले. त्या मोहिमेतला सर्वांत मोठा दिवस १२ जून १९०२. त्या एका दिवसात २०,११४ उंदीर मारल्याची नोंद आहे. सबंध शहराची गटारं उपसून हा विक्रम झाला. मंत्रालयाने याच्या दुपटीहून अधिक उंदीर रोज, सलग सात दिवस मारले, असा आपला दावा. पुढे हनोईच्या सरकारने जनतेलाही कामाला लावलं. उंदीर मारा, शेपटी आणून द्या, पैसे घ्या. शेपट्यांचे ढीग येऊ लागले. काही दिवसांनी शहरात बिनशेपटीचे उंदीर हुंदडताना दिसायला लागले. लोक शेपटी कापून उंदराला सोडून देत होते, कारण तो जिवंत राहिला तर पिल्लं देणार आणि प्रत्येक पिल्लाला शेपटी येणार. गावाबाहेर उंदीरपालनही सुरू झालं होतं. सरकार शेपट्या मोजत होतं. लोकांनी सरकारला शेपट्या दिल्या.

मुंबई महापालिका या बाबतीत जास्त जुनी आणि जास्त संशयी. तिच्या कीटकनाशक विभागात रात्रपाळीला उंदीर मारणारे कामगार असतात. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, आणि रात्रीचा कोटा तीस उंदरांचा. सकाळी उंदीर प्रत्यक्ष दाखवावे लागतात, ते मोजून घेतले जातात, त्यांतले काही प्लेगच्या तपासणीसाठी जातात. १८९६ च्या प्लेगने शहराला लावलेली ही शिस्त आहे. शेपटी चालत नाही, अख्खा उंदीर लागतो. या हिशोबाने ३,१९,४०० उंदीर मारायला एका माणसाला १०,६४७ रात्री लागतील. म्हणजे एकही रजा न घेता एकोणतीस वर्षं. नोकरीला लागल्यापासून निवृत्तीपर्यंत, जवळजवळ.

प्लेगचं नाव निघालं म्हणून थोडं थांबतो, कारण खान्देशाला उंदरांची भीती पुस्तकातून कळलेली नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात आमचे हजारो लोक, यंत्रमागांवर आणि साड्यांच्या बाजारात पोट भरणारे. लाखो माणसांनी शहर सोडलं आणि त्यांतल्या कितीतरी जणांना घरी आणणारी वाट सुरत-भुसावळ रेल्वेची. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसं झालं. दर वेळी लक्षात ठेवायची गोष्ट अशी की प्लेग उंदीर देत नाही, उंदराच्या अंगावरची पिसू देते. उंदीर मेला आणि गार पडला की पिसू त्याला सोडून दुसरं ऊबदार अंग शोधते. त्यामुळे प्लेगच्या काळात उंदीर एकदम आणि भराभर मारणं हे धाडस नव्हे, आत्मघात आहे. आधी पिसवांवर औषध फवारतात, मग उंदरांना हात लावतात. सात दिवसांत तीन लाख उंदीर मारल्याची बातमी वाचून एखाद्या जुन्या आरोग्य निरीक्षकाच्या पोटात गोळा आला असेल, तो याच कारणाने.

आता गोळ्यांकडे. सभागृहात हशा झाला, चॅनेलांवर उंदीर धावले, आणि मग सरकारकडून खुलासा आला. ३,१९,४०० हे उंदीर नव्हेतच. त्या विषाच्या गोळ्या आहेत. एवढ्या गोळ्या मंत्रालयात ठेवल्या.

या खुलाशाने प्रकरण संपलं, असं बहुतेकांनी मानलं. विरोधकांची जिरली म्हणून काही खूश झाले, तर काहींना वाटलं की सरकार निसटलं. मला मात्र इथूनच ते रंगतदार वाटू लागतं. नाथाभाऊंचा भागाकार अचूक होता, एकक चुकलेलं होतं. पण एकक बदललं म्हणून भागाकार थोडाच बदलतो? गोळ्या सात दिवसांतच ठेवल्या असतील तर त्याही मिनिटाला ३१.६८ या वेगानेच, दिवसरात्र. हे अशक्य नाही. वीस माणसं रोज आठ तास राबली तर प्रत्येकाला साधारण तेरा सेकंदाला एक गोळी ठेवावी लागेल. कपाटाखाली वाकणं, उठणं, पुढच्या टेबलाकडे जाणं त्यात धरून. पाठीचं जे व्हायचं ते होवो, जमू शकतं. फक्त जागेचा हिशोब करून पाहा. एकेक फुटावर एकेक गोळी ठेवत गेलं तर ३,१९,४०० फूट म्हणजे ९७ किलोमीटर. पुन्हा जळगाव ते धुळे! दर फुटाला एक गोळी, महामार्गाच्या कडेने, थेट धुळे शहराच्या आत.

आणि मूळ प्रश्न तसाच राहिला. उंदीर किती मेले? खुलाशात गोळ्या होत्या, उंदीर नव्हते. महापालिका सकाळी मेलेला उंदीर मोजते. इथे मोजली गेली ती बाहेर पडलेली गोळी. सरकारी कामाची ही जुनी खोड आहे. किती झाडं लावली ते विचारा, आकडा तयार. किती जगली ते विचारा, साहेब दौऱ्यावर. गोळीची पावती असते, मेलेल्या उंदराची नसते.

निव्वळ सरकारला दोष देऊनही चालणार नाही, कारण विषाने मेलेला उंदीर मोजणं खरोखरच अवघड असतं, आणि ते का, हे समजून घ्यायला उंदराच्या हुशारीपासून सुरुवात करावी लागते. उंदराला ओकता येत नाही. त्याच्या शरीराची ठेवणच तशी नाही. पोटात गेलेलं बाहेर काढता येत नसल्याने तो आत काय घालायचं याबाबत कमालीचा सावध असतो. नवीन पदार्थ दिसला की आधी लांब राहतो, मग अगदी कणभर चाखतो, आणि पुढचे काही तास पोट काय म्हणतंय ते पाहतो. बरं वाटलं नाही की तो पदार्थ आयुष्यभरासाठी बंद. त्याहून भारी म्हणजे बिळात परतलेल्या सोबत्याच्या तोंडाचा वास घेऊन, याने काय खाल्लं आणि ते खाण्यालायक आहे, हे बाकीचे उंदीर शिकतात. आमच्याकडे शेतात झिंक फॉस्फाइड वापरणारा शेतकरी म्हणूनच आधी दोन दिवस नुसतं धान्य ठेवतो, उंदरांचा विश्वास बसू देतो आणि मग विष मिसळतो. ते झटपट मारतं. पण अर्धवट खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्या धान्याकडे फिरकत नाही.

या सावध प्राण्याला फसवायचं तर विष इतकं संथ हवं की आजारपणाचा संबंध जेवणाशी जोडताच येऊ नये. असं विष माणसाला सापडलं, त्याची कथा फेब्रुवारी १९३३ मधली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एका शेतकऱ्याच्या गाई रक्त न गोठल्यामुळे पटापट मरत होत्या. एड कार्लसन त्याचं नाव. एका शनिवारी हिमवादळात त्याने मेलेली कालवड, कॅनभर न गोठलेलं रक्त आणि खराब झालेल्या गवताचा भारा गाडीत टाकला आणि तो तीनशे किलोमीटर गाडी हाकत राजधानी मॅडिसनला पोचला. सरकारी पशुवैद्याचं कार्यालय बंद होतं. हताश होऊन फिरताना विद्यापीठाच्या इमारतीत एक दार उघडं सापडलं. आत कार्ल पॉल लिंक हे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे औषध नव्हतं, पण त्यांनी त्याचं ऐकून घेतलं आणि ते रक्त ठेवून घेतलं. सहा वर्षं खपून त्यांच्या प्रयोगशाळेने कुजलेल्या गवतातलं, रक्त गोठू न देणारं द्रव्य वेगळं काढलं. त्याच वाटेने वॉरफरिन तयार झालं. १९४८ मध्ये ते उंदरांसाठी बाजारात आलं आणि काही वर्षांतच, मात्रा बदलून, हृदयरोग्यांसाठी. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना १९५५ च्या हृदयविकारानंतर दिलं गेलं ते हेच. आज आपल्या बाजारात मिळणारं ब्रोमाडायोलोन त्याच घराण्यातलं, जास्त जहाल.

ही विषं यकृतातलं के जीवनसत्त्वाचं चक्र अडवतात. रक्त गोठवणारी द्रव्यं नव्याने बनणं थांबतं. शरीरात आधीची शिल्लक असते, तिच्यावर उंदीर दोन-तीन दिवस मजेत फिरतो. मग शिल्लक संपते आणि तो बहुधा बिळात, भिंतीच्या पोकळीत, कपाटामागे मरतो. म्हणजे विष संथ असेल तर सात दिवसांच्या मोहिमेतले कितीतरी उंदीर आठव्या-नवव्या दिवशी मरणार, आणि झटपट असेल तर उरलेले शहाणे होणार. दोन्हीकडून ‘सात दिवसांत काम फत्ते’ हा शेरा लटका पडतो.

त्या भाषणात खडसेंनी विषाचाही मुद्दा काढला होता. मंत्रालयात विष आणायला परवानगी कुणी दिली, असं विचारताना त्यांनी धर्मा पाटलांचं नाव घेतलं. धुळे जिल्ह्यात शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे हे ऐंशी ओलांडलेले शेतकरी. वीज प्रकल्पासाठी त्यांची पाच एकर जमीन गेली आणि मोबदला सुमारे ४ लाख रुपये मिळाला. शेजारच्यांना मिळालेली रक्कम याच्या कितीतरी पट. वर्षानुवर्षं ते कार्यालयांच्या पायऱ्या झिजवत राहिले. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयातच विष घेतलं आणि २८ जानेवारीला जे. जे. रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. फेब्रुवारीत आणखी एकाने मंत्रालयात वरच्या मजल्यावरून उडी घेऊन जीव दिला, आणि मग मंत्रालयात जाळ्या बसल्या. अर्ज ऐकून घ्यायची व्यवस्था बसायला किती दिवस लागले असते याचा भागाकार कुणी केला नाही. त्या २२ मार्चच्या बातम्यांतही उंदीरच पुढे राहिले. धर्मा पाटील आले ते खालच्या ओळीत.

उंदीर की गोळी, या एककाच्या घोळावरून आठवलं. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये बोदवड नगरपंचायतीच्या प्रचारात तेव्हाचे पाणीपुरवठा मंत्री गुलाबराव पाटील यांनी, तीस वर्षं आमदार राहिलेल्यांनी माझ्या मतदारसंघातले रस्ते येऊन बघावेत, ते हेमामालिनीच्या गालांसारखे नसतील तर राजीनामा देतो, असं आव्हान दिलं. रोख अर्थात नाथाभाऊंवर. राज्य महिला आयोगाने सुनावल्यावर त्यांनी माफी मागितली, ते योग्यच झालं. पण मला त्यात एक तक्रार शास्त्रीयही आहे. मंत्रालयाच्या कागदावर एकक नसलेला आकडा होता. इथे आकडा नसलेलं एकक. खड्डे मोजता येतात, किलोमीटरमागे मोजता येतात, पावसाळ्याआधी आणि नंतर मोजता येतात. जळगाव-धुळे महामार्गाच्या चौपदरीकरणात वर्षानुवर्षं धूळ खाल्लेल्यांना कुणाच्याही गालाची गरज नव्हती.

उरला एक साक्षीदार, ज्याला सभागृहात कुणी उभंच केलं नाही. उंदीर मारण्याचं काम झालं मे २०१६ मध्ये. त्या मे महिन्यात महाराष्ट्राचे महसूलमंत्री होते एकनाथ खडसे. जमीन व्यवहाराच्या आरोपांवरून त्यांनी राजीनामा दिला तो ४ जून २०१६ रोजी, म्हणजे मोहिमेनंतर काही आठवड्यांनी. मंत्रिमंडळातले ते दुसऱ्या क्रमांकाचे नेते मानले जात, आणि महसूलमंत्र्यांचं दालन मंत्रालयातच. मुंबईतला मे, दमट हवा, आणि त्यांच्याच हिशोबाने त्या इमारतीत सात दिवसांत चौसष्ट टन मेलेले उंदीर. भागाकाराची खरं तर गरजच नव्हती. ‘अध्यक्ष महोदय, मी तेव्हा तिथेच बसत होतो आणि मला वास आला नाही’, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता की उंदरांवर मंत्रालयात एवढी मोहीम निघाली तेव्हा आपण मंत्री म्हणून काय विचारलंत. आणि तो प्रश्न दशांशात सोडवता येणारा नव्हता.